चौकातली माणसं: बाबांबरोबर कोल्हापुरात तीन दिवस

डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी बाबांनी एकच मागणी केली, कोल्हापुरातल्या ताराराणीच्या पुतळ्याचा घोडा बघायचा. अंबरनाथच्या एका फौंड्रीत त्यांनी बत्तीस वर्षं पॅटर्न मेकर म्हणून काढली. ओतकामाआधी लाकडात जो हुबेहूब नमुना करतात तो पॅटर्न. तो वाळूत दाबायचा, अलगद उचलायचा आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. तिथले बरेचसे मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारे, कोल्हापूरकडचे. त्यातल्या एकानं कधीतरी डबा खाताना विचारलं होतं, "मिस्त्री, आमच्या गावात एक घोडा हाय. मागच्या दोन पायावर हुबा. सगळं वजन दोन खुरांवर. कसा वतला आसंल सांगा बघू." तो मोल्डर गेला, फौंड्रीही बंद पडली, पण तो प्रश्न बाबांच्या डोक्यातून काही गेला नाही.

म्हणून डिसेंबरातल्या एका बुधवारी रात्री कल्याणहून महालक्ष्मी एक्सप्रेस धरली. मोतीबिंदू काढल्यापासून बाबा सगळीकडे नव्यानं बघत होते. डब्यातल्या दिव्याचा पिवळेपणा गेला म्हणून खूश, माझ्या केसांतले पांढरे दिसले म्हणून गप्प.

पहिला दिवस, गुरुवार

सकाळी छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर उतरलो तेव्हा चांगलीच थंडी होती. ज्या लॉजमध्ये खोली सांगितली होती तिथे लिफ्ट चालू असल्याचं फोनवर दोनदा विचारून घेतलं होतं. प्रत्यक्षात ती बंद, आणि खोली तिसऱ्या मजल्यावर. बाबांचे गुडघे बघून मला फार वाईट वाटलं. ते मात्र कठड्याला धरून एक एक पायरी चढले आणि वर पोचल्यावर म्हणाले, "आता उतरताना सगळं एकदमच उरकून येऊ." तसंच केलं. अंघोळ, मिसळ, आणि थेट दसरा चौक.

दसरा चौकात शाहू महाराजांचा पुतळा आहे. आपण पुतळा बघतो म्हणजे काय करतो? मान वर करतो, नाव वाचतो, फोटो काढतो. इथे मी बाबांना आधी चौकाभोवती फिरवलं, कारण हा पुतळा एकटा बघायचा नाही. भोवताली वसतिगृहं आहेत. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत समाजाचं बोर्डिंग, आणखीही. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग झालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग. खेड्यातला पोरगा शिकायला गावात आला तर राहणार कुठे आणि जेवणार कुठे, या अगदी साध्या अडचणीवर महाराजांनी जातीजातींच्या पुढाऱ्यांना हाताशी धरून काढलेला हा तोडगा. २६ जुलै १९०२ ला त्यांनी करवीर संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, ते सगळ्यांना माहीत असतं. पण नोकरीच्या आधी शाळा, आणि शाळेच्या आधी भाकरीची सोय लागते, हे या चौकात उभं राहिल्यावर डोळ्यांना दिसतं. महाराज अवघे ४७ वर्षांचे असताना, १९२२ मध्ये गेले.

दसऱ्याच्या संध्याकाळी सीमोल्लंघनाचा सोहळा याच चौकात होतो. राजघराण्यातली मंडळी जुन्या मेबॅक गाडीतून येतात, आपट्याचं सोनं लुटलं जातं. चहाच्या गाड्यावर एक आजोबा भेटले, त्यांना म्हटलं, दसरा इथून बघायला काय छान वाटत असेल. ते म्हणाले, "बघायचं कसलं ताई, आमी त्यातच आसतोय की." मग बाबांकडे बघून, "पावणं, कुठनं आलासा?" बाबांनी डोंबिवली सांगितलं. "आणि काय बघायलासा?" "पुतळे," बाबा म्हणाले. आजोबांनी पुतळ्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "मग बिंदू चौकात जावा. तितं बघण्यासारकं हाय."

जाण्याआधी टाऊन हॉल केला, कारण तो वाटेवरच आहे. मेजर मँट यांनी आखलेली, १८७२ ते ७६ या काळातली इमारत, आत संग्रहालय. बाहेरच्या बागेत तोफा आणि दगडी मूर्ती. आतल्या बऱ्याच गोष्टी मी भराभर पाहिल्या, पण एका काचेपुढे बाबा थांबले ते हलेनात. ब्राँझची पुरुषमूर्ती, उंचीला वीतभरही नाही. उघडं शरीर, एक हात उंचावलेला, कधीकाळी त्या हातात त्रिशूळ असावा असा. हा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे, तिथल्या जुन्या वस्तीत तो सापडला. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवरून घाट चढून रोमन जगातला माल इथवर येत होता, त्याची ही खूण. समुद्रापासून इतक्या आत, घाटमाथ्यावरच्या गावात समुद्रदेव! बाबांना त्याच्या देवपणाशी देणंघेणं नव्हतं. ते काचेला नाक लावून त्याच्या काखेत बघत होते. "इथे धातू पोचवणं अवघड," ते म्हणाले. "बारीक जागेत धातू जाईपर्यंत थंड होतो. आणि ह्यानं दोन हजार वर्षांपूर्वी पोचवलाय. बोटाएवढी जागा आहे ती." पहारेकरी जरा जवळ येऊन उभा राहिला, बाबांनी मागे सरकून त्यालाही काख दाखवली. मग ते दोघंही वाकून बघत राहिले.

दुपारी खोलीवर चढायचं टाळलं. एका खानावळीत तांबडा-पांढरा रस्सा खाऊन तिथेच बाकावर बाबा तासभर टेकले. मालकीणबाईंनी उशी आणून दिली, पैसे विचारल्यावर रागावल्या.

उन्हं कलल्यावर बिंदू चौक. जुन्या कोटाची उंच दगडी भिंत अजून उभी आहे, तिच्या पुढ्यात वर्दळ, वडाप, रिक्षा, भेळ. कोल्हापुरात कोणाला आव्हान द्यायचं असेल तर "बिंदू चौकात या" म्हणतात. पुढारी एकमेकांना पत्रकार परिषदेतून तेच म्हणतात, आणि गल्लीतली पोरंही. या चौकात महात्मा जोतीराव फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे आहेत. ते बसले ९ डिसेंबर १९५० ला. तारीख पुन्हा वाचावी. बाबासाहेब तेव्हा हयात होते, देशाचे कायदामंत्री होते आणि त्याच वर्षाच्या जानेवारीत राज्यघटना लागू झाली होती. माणूस जिवंत असताना, आणि त्याला विरोध करणारे चहूबाजूंनी असताना, गावानं त्याला भर चौकात उभं केलं. यामागे होते भाई माधवराव बागल. सत्यशोधक घरातले, संस्थानी प्रजेच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या प्रजापरिषदेचे लढवय्ये, आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे स्वतः शिकलेले चित्रकार. पुतळा काय करू शकतो हे चित्रकाराला नेमकं कळत असणार.

याच्या तीस वर्षं आधी, मार्च १९२० मध्ये, जवळच्या माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी तरुण आंबेडकरांकडे बोट दाखवून जमलेल्या लोकांना, तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, असं सांगितलं होतं. दसरा चौकातून बिंदू चौकात आम्ही रमतगमत आलो, ते तीस वर्षांचं अंतर चालून आल्यासारखं वाटलं.

पुतळ्यांपाशी एक बाई आल्या, बरोबर शाळेच्या गणवेशातली मुलगी. बाईंनी चपला काढल्या, नमस्कार केला. मुलीनं दप्तरातून पेन काढून पायथ्याशी टेकवलं, मग परत दप्तरात ठेवलं. "उद्या पेपर हाय तिचा," बाई मला म्हणाल्या. मी काही बोलू शकले नाही.

तिथून शिवाजी चौक. इथला महाराजांचा अर्धपुतळा बघायला फार लोक थांबत नाहीत, कारण सगळे अंबाबाईच्या देवळाकडे निघालेले असतात. पण या जागेची गोष्ट सांगितलीच पाहिजे. या जागी पूर्वी मुंबईचा गव्हर्नर लेस्ली विल्सन याचा पुतळा होता. १९४२ च्या चळवळीत भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे या दोघींनी तो पुतळा विद्रूप केला. पुढे तो गेलाच. १९४५ मध्ये भालजी पेंढारकरांच्या पुढाकारानं त्या ठिकाणी शिवाजी महाराज आले, आणि ते घडवले बाबूराव पेंटर यांनी. इंग्रजांचं राज्य अजून दोन वर्षं राहायचं होतं. सिनेमा काढणाऱ्या माणसानं पुढाकार घेतला, सिनेमा काढणाऱ्याच दुसऱ्या माणसानं पुतळा केला. चौकात कोण उभं राहणार हे गावानं ठरवलं, आणि घडवणारे हातही गावातलेच निघाले. कोल्हापूर मला आवडतं ते यासाठी. बाहेरून पुतळा मागवून बसवणं सोपं असतं.

रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो. म्हैस समोर उभी, पितळी भांड्यात धार, फेसासकट पेला हातात. बाबांनी दोन पेले घेतले आणि तिसरा मजला न कुरकुरता चढले.

दुसरा दिवस, शुक्रवार

शुक्रवार म्हणजे अंबाबाईचा वार. पहाटेच दर्शन घेतलं, तरी रांग होतीच. देवळाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, मी पुढे जाते.

रिक्षावाल्याला खरी कॉर्नर सांगितलं. "कॅमेऱ्याकडं का?" त्यानं आपणहून विचारलं. एका गावात रिक्षावाल्याला 'कॅमेरा' ही जागेची खूण म्हणून माहीत असते, एवढ्यानंच मला भरून आलं.

कॅमेरा स्तंभ. माणसाचा नाही, देवाचा नाही, एका यंत्राचा पुतळा. बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात बनवलेल्या कॅमेऱ्याचं हे स्मारक. बाबूराव आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव हे कारागीर घराण्यातले. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, त्यावरून 'पेंटर' हेच आडनाव होऊन बसलं. हलती चित्रं पाहिली आणि दोघांना तेच वेड लागलं. विलायती कॅमेरा परवडणारा नव्हता, महायुद्धात मिळणाराही नव्हता, तेव्हा तो आपणच करायचा असं त्यांनी घेतलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी हात थांबवला नाही. शिष्य विष्णुपंत दामले यांच्या मदतीनं १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला. त्या कॅमेऱ्यावर चित्रित झालेला 'सैरंध्री' १९२० मध्ये पुण्यात लागला, आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. दामले, फत्तेलाल, शांताराम अशी पुढची मोठी माणसं त्यांच्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडली.

बाबांना मी हे सगळं सांगत होते आणि ते मान वर करून डोळे बारीक करत होते. मग त्यांनी मला कॅमेरा समजावला. इतकी वर्षं मी त्यांना फक्त लाकूड तासताना पाहिलं होतं.

"फिल्म नुसती फिरवून चालत नाही," ते म्हणाले. "सरकत राहिली तर चित्र पुसट येणार. ती थांबली पाहिजे. थांबली की झडप उघडायची, उजेड घ्यायचा, झडप मिटायची, आणि मग पुढे एक घर सरकायची. परत थांब. एका सेकंदात सोळा वेळा, आणि हे सगळं हातानं दांडा फिरवून. फिल्मच्या कडेच्या भोकांचं अंतर केसभर चुकलं तर पडद्यावर माणूस थरथरणार. आज तू असा पार्ट करायला सांगितलास तर मी ड्रॉइंग मागीन. त्यांच्याकडे ड्रॉइंग तरी कुठलं?" मग बराच वेळ गप्प राहून, "मेस्त्री होते म्हणून जमलं," एवढंच म्हणाले.

बाबांनाही फौंड्रीत सगळे मिस्त्रीच म्हणत. त्या शब्दात लहानपणी मला काही मोठं वाटत नसे. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहिताना मी 'नोकरी' असं लिहायचे. खरी कॉर्नरला त्या स्तंभाखाली उभी असताना मला ते सगळे फॉर्म आठवले.

मघाचा रिक्षावाला थांबलाच होता. बाबा फौंड्रीतले आहेत हे ऐकल्यावर म्हणाला, "मग उद्यमनगर बगिटल्याबिगर जाऊ नगासा." आणि आम्हाला त्याच्या मेव्हण्याच्या ओळखीच्या एका छोट्या फौंड्रीत घेऊन गेला. शेतीपंप, तेल इंजिनं, ऊस गाळायचे चरक, असं करत करत हे गाव यंत्रांचं झालं. आत अर्धवट अंधार, काळी वाळू, तिचा तो ओलसर जळका वास. बाबांच्या कपड्यांना जन्मभर येणारा वास. मी दारातच थांबले. बाबा आत गेले ते घरात शिरल्यासारखे.

एका फळीवर सागवानी पॅटर्न पडला होता, कुठल्याशा पंपाचा. बाबांनी विचारून उचलला. अंगठा त्याच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत फिरवला. बाजू किंचित निमुळती असावी लागते, तिला टेपर म्हणतात, नाहीतर पॅटर्न उचलताना वाळूची कड ढासळते. ते मोजायला पट्टी असते, पण बाबांचा अंगठाच पुरतो. "हिथं कमी आहे," त्यांनी दाखवलं. तिथला मोल्डर पंचविशीतला पोरगा. तो हसला. "काका, हितंच तुटतंय रोज. मालकांना सांगून सांगून दमलोय." मालक पुढे आले, त्यांनी पॅटर्न हातात घेतला, आपला अंगठा फिरवला. मग कोणालातरी हाक मारून रंधा मागवला. बाबा खाली उकिडवे बसले, गुडघ्यांचं विसरले, आणि चार ढलप्या काढून पॅटर्न परत दिला. पोरानं तो वाळूत दाबला, ठोकला, उचलला. कड जशीच्या तशी. "आयला!" तो म्हणाला, आणि बाबांच्या पायाला हात लावला.

चहा आला. बोलणं अर्थातच घोड्यावर गेलं. मालकांनी सांगितलं ते बाबांना ठाऊकच होतं, पण मला नव्हतं, म्हणून लिहिते. वितळलेला धातू थंड होताना आटतो. ओतीव लोखंड फुटामागे साधारण अष्टमांश इंच, ब्राँझ त्याहूनही जास्त. म्हणून नमुना नेहमी थोडा मोठा करायचा. मोठा पुतळा सहसा अखंड ओतत नाहीत. आधी लोखंडी सांगाड्यावर मातीत घडवायचा, त्यावरून प्लास्टरचे साचे काढायचे, साच्यांत मेणाचा पातळ थर द्यायचा, आत-बाहेर मातीचं आवरण करायचं, भट्टीत मेण वितळवून काढायचं आणि त्या रिकाम्या जागेत ब्राँझ सोडायचं. असे तुकडे जुळवायचे, सांधे छिन्नीनं आणि कानशीनं मारून एकजीव करायचे. चुकीला जागा अशी पावलोपावली. आणि माती वाळते, प्लास्टर फुटतं, मेण उन्हात वाकतं.

पाच वाजता कावळा नाक्याला पोचलो.

महामार्गावरून गावात शिरणाऱ्याला सर्वांत आधी दिसते ती ताराराणी. म्हणजे पुण्या-मुंबईहून गाडीनं आलो असतो तर पहिल्याच दिवशी दिसली असती. बरं झालं रेल्वेनं आलो. पुतळा रवींद्र मेस्त्री यांचा. हे आनंदराव पेंटरांचे पुत्र. तेच आनंदराव, जे कॅमेरा पुरा होण्याआधी गेले.

छत्रपती राजाराम १७०० मध्ये गेले तेव्हा ताराबाई पंचविशीच्या होत्या. हंबीरराव मोहित्यांची लेक. समोर औरंगजेब स्वतः दख्खनेत ठाण मांडून बसलेला, एकेक किल्ला घेत चाललेला. या बाईनं फौजा चालवल्या, गेलेले गड परत घेतले, मोगल मुलुखात घुसून खंडणी वसूल केली. १७०७ मध्ये औरंगजेब इथेच, दख्खनच्या मातीत मेला. तिला काही हरवता आलं नाही त्याला. पुढे कोल्हापूरची गादी उभी राहिली ती तिच्यामुळे.

पुतळ्यातला क्षण त्याच धावपळीतला. घोडा पुढचे पाय उचलून उसळलेला, बाई बैठकीत ताठ, हाती तलवार. लगाम खेचला आहे की घोडा आपणच उसळलाय, हे ठरवता येत नाही, आणि ते ठरवता येत नाही म्हणूनच तो जिवंत वाटतो.

बाबा आधी काहीच बोलले नाहीत. मी त्यांचा हात धरला होता, कारण रहदारी फार. त्यांच्या हाताला अजून काळी वाळू होती. एका कडेला उभं राहून ते खालून वर बघत गेले. खूर, घोटे, मांड्या, पुठ्ठा. मग परत खाली.

"वजन मागे घेतलंय," ते शेवटी म्हणाले. "बघ, पुढचा भाग उचलला की सगळा भार पुढे पडायला हवा, आणि घोडा तोंडावर आपटायला हवा. पण त्यानं पुठ्ठे खाली दाबलेत. मागचे पाय पोटाखाली घेतलेत. खरा घोडाही असाच उभा राहतो, नाहीतर पडेल. म्हणजे तोल आधी मातीत साधलाय, ओतताना नाही. आत पोलादाचा सांगाडा असणार, खुरांमधून खाली चौथऱ्यात उतरलेला. पण सांगाडा काही तोल देत नाही, फक्त धरून ठेवतो." थोडं थांबून, "तो मला विचारत होता कसा ओतला असेल. प्रश्नच चुकला होता. ओतला नंतर. आधी बघितला."

मी विचारलं, बघितला म्हणजे? ते म्हणाले, "ज्यानं घोडा तासन्‌तास बघितलाय त्याचंच हे काम."

दिवे लागेपर्यंत आम्ही तिथे होतो. एक ट्रॅफिक हवालदार दोनदा आमच्याकडे बघून गेला, तिसऱ्यांदा आला तो बाबांसाठी प्लास्टिकची खुर्ची घेऊन.

तिसरा दिवस, शनिवार

पन्हाळा कोल्हापूरपासून वीस किलोमीटरवर. वाटेत उसाच्या ट्रॉल्या, आणि एका गुऱ्हाळाचा धूर सरळ वर चढलेला. उतरून काकवी घेतली.

गडाच्या पायथ्याशी नेबापूर. हे शिवा काशीदांचं गाव. १६६० मध्ये सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला, महाराज आत अडकले. जुलैतल्या पावसाळी रात्री दोन पालख्या निघाल्या. एकीत महाराज, दुसरीत महाराजांसारखा दिसणारा नेबापूरचा हा न्हावी. पकडला गेला तो शिवा. त्या अवधीत महाराज विशाळगडाच्या वाटेला लागले. जाताना शिवाला पुढे काय होणार हे माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? त्याचाही पुतळा इथे आहे. पुतळ्यापुढे मला एक वेगळीच अडचण जाणवली, आणि ती मी बाबांना बोलून दाखवली. जो माणूस दुसऱ्यासारखा दिसला म्हणून अमर झाला, त्याचा स्वतःचा चेहरा शिल्पकारानं कसा करायचा? महाराजांसारखा केला तर शिवा उरला कुठे? वेगळा केला तर ती गोष्टच जाते. बाबा म्हणाले, "डोळे. चेहरा सारखा असला तरी डोळ्यांत फरक करता येतो. महाराजांना पोचायचंय. ह्याला पोचायचं नाहीये."

वर, वस्तीत शिरताच बाजीप्रभू देशपांडे, दोन्ही हातांत शस्त्रं. घोडखिंडीत त्यांनी वाट अडवून धरली, आणि खिंडीचं नाव पावनखिंड झालं. भोवती कणसं भाजणारे, घोडेवाले, शाळेच्या सहली. पन्हाळा हा नुसता किल्ला नाही, राहतं गाव आहे. दळण, दवाखाना, नळाचं पाणी, सगळं तटाच्या आत. २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात हाही आहे. पाट्या नव्या, वाहनं जास्त.

अंबरखान्याची धान्यकोठारं पाहिली. गंगा, यमुना, सरस्वती अशी त्यांची नावं. भिंतींची जाडी बघून बाबा खूश. तीन दरवाजा झाला. सज्जा कोठीपर्यंत मात्र ते आले नाहीत, मी एकटी जाऊन आले. ताराराणीचा वाडा त्यांनी बघितला, कालच्या पुतळ्यातली बाई इथे राहून राज्य करत होती म्हणून. वाड्याच्या पायरीवर बसून त्यांनी काकवी-भाकरी खाल्ली आणि खिशातून कालचं रिक्षाचं एक कार्ड काढून त्याच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलनं काहीतरी गिरवत बसले. दोन पाय, पुठ्ठा, आणि खुरांपासून वर गेलेली एक सरळ उभी रेघ. "तोलाची रेघ," म्हणाले.

रात्रीची गाडी होती. सामान घेऊन खाली उतरलो, रिक्षा केली. स्टेशन सांगितल्यावर बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला. "आधी कावळा नाका," ते रिक्षावाल्याला म्हणाले. "मागून बघायचा राहिलाय."

अंधार पडला होता. रिक्षावाल्यानं नाक्याला वळसा घातला आणि घोड्याच्या पाठीमागे, रस्त्याच्या कडेला गाडी लावली. मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. बाबा अर्धे बाहेर वाकून, नव्या डोळ्यानं त्या दोन खुरांकडे बघत होते.

रिक्षावाल्यानं मागे हात दाखवून गाड्यांना पुढे जायला सांगितलं.

"बगा काका, निवांत बगा," तो म्हणाला. "गाडीला टाइम हाय अजून."